हवेचे घास

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. लातूरहून देगलूर एसटीने, तिथून आप्पांनी पाठवलेल्या जीपने शेतावर. दोन बॅगा, एक सूक्ष्मदर्शक, दोन इनहेलर आणि आईने बळेबळे कोंबलेली शेंगाचटणी, एवढा माझा संसार. आई दारात रडली. बाबा रडले नाहीत, पण प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून पोरगी देगलूरला मासे राखायला निघाली, हे त्यांनी तिसऱ्यांदा ऐकवलं. बाबा, नुसते मासे नव्हेत, निवट्या. कोकणात खाडीच्या चिखलात तिवरांखाली फिरणारा, पाण्यापेक्षा पाण्याबाहेर जास्त रमणारा मासा. त्याच्यासाठी मी वर्षभर गुडघाभर चिखलात उभी होते.

समुद्र इथून पाचशे किलोमीटर. चहूकडे हरभरा काढून मोकळी झालेली काळी रानं, आणि मधोमध हिरव्या जाळीच्या शेडखाली चक्क एक खाडी! शेततळ्यासारखा खड्डा, त्यात जाड काळा कागद, त्यावर कोकणातून ट्रकने आणलेला तीन फूट चिखल आणि तिवराची रोपं. शेडजवळच माझी खोली, तिच्या भिंतीवर दोन बटणं आहेत. एकावर लाल रंगाने लिहिलंय 'भरती', दुसऱ्यावर 'ओहोटी'. दिवसातून दोनदा समुद्र मी सोडायचा. एवढा अधिकार मला घरी टीव्हीच्या रिमोटवरही नव्हता.

मालक मडिवाळप्पा, सगळे आप्पाच म्हणतात. सत्तरीचे, भुसाराचे जुने व्यापारी. देगलूरचं दुकान मुलगा बघतो, हे इथे शेतावर एकटे राहतात. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंग, धोतर कडक इस्त्रीचं. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता: हा मासा तोंडात हवा भरून जमिनीखाली नेतो, हे खरं का? मी हो म्हणाले आणि नोकरी लागली. सहा महिन्यांत निवट्यांनी इथे अंडी घालून पिल्लं दिली तर मला कायम करणार आणि शोधनिबंधावर माझं एकटीचं नाव. भार्गवी, तू जिंकलीस.

६ मार्च, गुरुवार

साठ निवट्या आल्या, अठ्ठावन्न जिवंत. डब्यातून सोडल्याबरोबर पुढच्या परांवर रेटत, कुबड्यांवर चालावं तशा चिखलभर पसरल्या. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. ते कोरडे पडले की खोबणीत आत ओढून ओले करून पुन्हा बाहेर काढतात. ग्यानोबाकाका, म्हणजे इथले राखणदार, दहा मिनिटं बघत उभे होते. मग म्हणाले, "ताई, ह्ये मासरू हाय का सरडा? जलमल्यापासून असलं काही पाह्यलं न्हाई." मी त्यांना तासभर शिकवलं. निवटी कातडीतून श्वास घेते, तोंडाच्या आतल्या अस्तरातून घेते, कातडी ओली राहिली की झालं. काका शेवटी म्हणाले, "लई शिकलात तुमी," आणि म्हशीचं पाणी बघायला गेले.

११ मार्च, मंगळवार

बिळं सुरू झाली! नर तोंडाने चिखल काढून बाहेर थुंकतो. बीळ आधी सरळ खाली, मग वळून पुन्हा वर. शेवटी एक छोटी खोली, तिच्या छताला मादी अंडी चिकटवते. पण खालच्या चिखलात हवा नसते, अंडी गुदमरतील. म्हणून नर वर येतो, गाल फुगवून हवा घेतो, खाली जाऊन खोलीत सोडतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. दिवसभर.

आप्पा संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांनी विचारलं, आज किती घास? हवेच्या त्या तोंडभरांना त्यांनी घास म्हटलं आणि मला तो शब्द फार आवडला. मी मोजले होते, त्या नराचे एकशे बारा. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, शेवटी त्या हवेचं काय होतं? मी उत्साहात सांगितलं, तीच तर गंमत आहे! पिल्लं तयार झाली की भरतीच्या वेळी नर उलटं काम करतो. खालची सगळी हवा घासाघासाने पुन्हा वर आणून सोडतो, मग खोलीत पाणी भरतं आणि अंडी फुटतात. आप्पा म्हणाले, म्हंजे जे खाली हाय ते वर येतंय. मी म्हटलं, अगदी सगळं. ते हसले. आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, बरं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

एक गोष्ट माझ्या पुस्तकात बसत नाही. नर एकमेकांचे वैरी असतात, दुसरा हद्दीत आला की पाठीचा पंख ताठ करून धावून जातात. इथे सगळे नर पश्चिमेच्या कोपऱ्यात गोळा झालेत. भांडण नाही. एकाच बिळाच्या तोंडाशी रांग लावून उभे, एक खाली गेला की दुसरा पुढे. आज त्या एका बिळात नऊशेच्या वर घास गेले.

आणि खारटपणा. मी आठवडाभर मीठ टाकलेलं नाही, तरी त्या कोपऱ्यात यंत्र समुद्राइतका आकडा दाखवतं, बाकी तळ्यात निम्मा. बिळातून आज थुंकलेल्या चिखलात करड्या भुकटीबरोबर पांढरे खडे होते. मी एक उचलून जिभेवर ठेवला. चांगलं खडेमीठ! थोडी राखेची चव. जुन्या जमिनीत मिठाचा थर असावा. आयतं मीठ मिळालं म्हणून मी खूश. काकांना सांगितलं तर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

२४ मार्च, सोमवार

उन्हाने कहर केलाय. दुपारी शेडजवळच्या माझ्या खोलीत पडले होते. छाती जड होऊन जाग आली तर उशीवर तीन निवट्या. तळ्यापासून खोली वीस पावलं, तापलेल्या फरशीवरून आल्या कशा देव जाणे. गाल फुगलेले, तोंडं माझ्या तोंडाकडे. मी ओरडले, त्या टुणटुण उड्या मारत निघाल्या, सरळ पश्चिमेच्या कोपऱ्याकडे. बिळात गेल्या.

नंतर हसले खरी. पण दम लागलेला होता. दोन फवारे घेतले. लहानपणचा दमा आहे माझा, कॉलेजपासून फारसा त्रास नव्हता. धुळीने झालं असेल.

२८ मार्च, शुक्रवार

रोज दुपारी दम. जिना नाही, चढ नाही, तरी बाजेवरून उठले की धाप. आईचा फोन आला, तिने आवाजावरून ओळखलं आणि ये म्हणून मागे लागली. आता कशी जाऊ? मादी दोनदा बिळात जाऊन आलीय, अंडी पडलीच असणार. देशात कुणी समुद्रापासून इतक्या दूर हे केलेलं नाही. मी आईला बरं आहे म्हणून सांगितलं.

दार-खिडक्या बंद करून झोपते. तरी उठल्यावर उशी ओली असते. खाऱ्या चिखलाचा वास.

२ एप्रिल, बुधवार

नळवाले वापरतात तसला वायरचा कॅमेरा मागवला होता, आज आला. पश्चिमेच्या बिळात सोडला. तीन फुटांवर कागद लागायला हवा होता. लागला नाही. चार फूट. पाच. साडेसहा फुटांवर वायर वळली आणि वर निघाली.

खोली मोठी आहे. निवटीची असते त्याच्या वीसपट. हवा आहे आत, पाणी नाही. छताला अंडी दिसली! हजारो, काचेच्या मण्यांसारखी, आत डोळे धरलेले. मी नाचायचीच बाकी होते. मग छताकडे नीट पाहिलं. मातीचं नाही ते. दोन्ही बाजूंनी वळून मधे येणारे वाकडे दांडे आहेत, एकाखाली एक, सारख्या अंतरावर. त्यांच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवलीत. मी म्हटलं मुळं. कुठल्या झाडाची? जवळपास झाड नाही.

पाच मिनिटांचं चित्रण आहे. पुन्हा पुन्हा पाहिलं. दांडे वर येतात आणि खाली जातात. सावकाश. सगळे एकदम.

वायर हलत असेल. माझाच हात थरथरत असेल.

५ एप्रिल, शनिवार

काकांना धरून बसवलं. चित्रण दाखवलं. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मला वेड लागलेलं नाही एवढं तरी कळेल.

आप्पांची बायको मल्लम्मा, काका तिला अव्वा म्हणतात. चार वर्षांपूर्वी कोरोनात गेली. देगलूर, नांदेड, उदगीर, कुठे ऑक्सिजन मिळाला नाही. इथेच, माझ्या खोलीत, आप्पांनी तिला ठेवलं. ती माहेरची बिदरकडची. दोन दिवस "गाळी, गाळी" म्हणत होती. गाळी म्हणजे कानडीत वारा. खिडकी उघडा म्हणायची. रोग आत येईल म्हणून आप्पांनी खिडकी उघडली नाही. ती बंद खिडकीकडे बघत गेली.

"त्यांच्यात जाळत न्हाईत ताई. बशीवतेत. खड्ड्यात, मांडी घालून, हातात लिंग दिऊन. मंग मीठ घालतेत पोत्यानं, विभूती घालतेत. ह्याच रानात बशीवलं अव्वाला. समाधी बांधू म्हणलं पोरानं, आप्पा न्हाई म्हणले. मंग ह्ये तळं काढलं. कागद आथरला तवा पच्छिमेच्या कोपऱ्याला आप्पानी सोताच्या हातानं फाडला. म्या पाह्यलं."

मी खडा चाखला होता, हे सांगितलं. काकांनी कपाळाला हात लावला. "मला पयलंच बोलाया पायजे होतं," म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडले. कुणाच्या तरी मातीत मी रोज वायरी घालत होते, याची लाज वाटली, आणि भीती लाजेपेक्षा जास्त वाटली.

७ एप्रिल, सोमवार

आज निघाले. निबंध गेला उडत. काकांनी जीप काढली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत ठीक. ओढ्याच्या पुलावर छाती बंद झाली. दमा मला माहीत आहे, दम्यात हवा अडकत अडकत तरी येते. हे तसं नव्हतं. श्वास घ्यायला काही नव्हतंच. इनहेलर रिकामा झाला. काकांनी जीप वळवली. शेडजवळ आल्यावर—पश्चिमेच्या कोपऱ्याशी—आत आला श्वास.

माझा नव्हे. मी घ्यायच्या आधीच आला आणि मी सोडायच्या आधीच गेला.

८ एप्रिल

कॅमेऱ्यात बघत बसले. दांडे वर जातात तेव्हा मला हवा मिळत नाही. खाली येतात तेव्हा मिळते. मल्लम्मा आणि मी, दोघींत श्वास एकच आहे. माझा श्वास घासाघासाने तिकडे नेऊन ठेवलाय, आणि बिळापासून लांब गेले तर तेवढाही नाही.

डॉक्टरांना फोन केला. फवारे वाढवा म्हणाले. आईला फोन लावला, बोलवेना. ती हॅलो हॅलो करत राहिली.

१० एप्रिल

विचार कर, भार्गवी. मीच आप्पांना सांगितलं होतं. पिल्लं तयार झाली की नर हवा परत वर आणतात. सगळी. म्हणजे माझीही. अंड्यांतले डोळे आता चांदीसारखे झालेत, दोन दिवस फार तर. मोठी भरती सोडायची, नर हवा वर आणतील, मला मिळेल, आणि मी लातूरची गाडी पकडीन. आईच्या हातचं खाईन. मासा या जन्मात बघणार नाही.

फक्त दोन दिवस. बसून लिहिते. आडवं होता येत नाही.

११ एप्रिल

आप्पा आले. माझ्या खोलीची खिडकी उघडून ठेवली. सताड. कपाटातून इरकली लुगडं आणून बाजेवर ठेवलं, हिरवं, घडीचं. बांगड्या.

मी विचारलं, हे कुणाला. मग सगळंच विचारलं, तुकड्यातुकड्याने. त्यांनी काही लपवलं नाही. चार वर्षं रोज तिचा तो "गाळी, गाळी" आवाज ऐकतो म्हणाले. तिला नुसती हवा पोचावी एवढंच मागत होते. पण शेवटी हवा वर येते हे त्यांना माहीत नव्हतं, ते मीच—

मी म्हटलं, येईल ती माझी हवा असेल, आप्पा. माझी. तुमच्या मल्लम्मांची नव्हे.

"जे खाली हाय ते वर येतंय. तूच सांगितलीस की पोरी."

रागाने नाही म्हणाले. पाणी आणून पाजलं मला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

१२ एप्रिल, सकाळ

काका दिसत नाहीत. आप्पांनी गावाकडे पाठवलं.

अंडी हलतायत.

बटण दाबलं नाही तर संध्याकाळपर्यंत मी—दाबलं तर कदाचित—

माझीच आहे ती हवा. मी मोजलीय.

१२ एप्रिल, दुपार

दाबलं. मीच. आप्पा नुसते उभे. भरती चढतेय—

पहिला नर वर. गाल फुगलेले. बाजेवर आला. सोडली—तोंडाशी—

एक.

थंड. राखेचा वास. मीठ—

दोन. तीन. आत जातेय, पण माझ्यासारखी नाही—जड—

चाळीस. पाय अवघडलेत. मांडी घालून बसल्यासारखे. मी तर पाय सोडून—

आई, हे माझं—

ऐंशी. डोळ्यांपुढे काळं. दोन्हीकडून दांडे—अंडी फुटताहेत, माझ्या आतून—

वरती कुणीतरी माझ्या हाताने लि


अवो,

खिडकी उघडलीत वो. लई चांगली गाळी सुटलीय. किती दिस झाले म्हणायचं, बसून बसून पाय लाकडं झाले. तुमी वाळलात की. धोतराला इस्त्री कोण करतंय? जेवलात का?

ही वही कोनाची हाय? बोटं माजी न्हाईत ही, लई कवळी हायत.

अवो, खाली एक पोर हाय. माज्या जागी बसलीय. मोजून राहिली, थांबंना झालीय. एकशे नऊ. एकशे दहा. खिडकी उघडा म्हणून राहिली. मला ठाव हाय वो कसं व्हतंय ते. तिला जरा गाळी—

फावडं कशाला घेतलात? भोक बुजवू नका. ऐका माजं. ती अजून मोजून राहिली, एकशे अकरा, एकशे